व्हॉट्सॲप बिझनेस : सोय दुकानाची, लगाम मेटाच्या हातात

दुकानाच्या पाटीवर हल्ली पत्त्यापेक्षा मोठ्या अक्षरात व्हॉट्सॲपचा नंबर असतो. साड्यांचा घरगुती धंदा, फराळाच्या ऑर्डरी, डब्याची मेस, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, क्लासेस, अशा कितीतरी जणांच्या ऑर्डरी, उधारीच्या आठवणी आणि मालाचे फोटो एकाच ॲपमध्ये असतात. हा आढावा त्या ॲपचा, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसचा. ॲप चांगलं आहे आणि फुकट आहे. पण ते वापरायला लागलं की धंद्याचा एक महत्त्वाचा भाग मेटा या व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या मालक कंपनीच्या ताब्यात जातो. कुठला भाग जातो आणि कुठला आपल्याकडे राखता येतो, हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं.

पहिली चूक नंबरात होते. दुकानातल्या पोराच्या सिमवर खातं उघडलं जातं, पोरगा नोकरी सोडतो आणि नंबर त्याच्याबरोबर जातो. सिम मालकाच्या किंवा फर्मच्या नावावरच हवं. दुकानात लँडलाइन असेल तर तिच्यावरही खातं उघडता येतं: पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी 'कॉल करा' हा पर्याय निवडायचा, फोनवर सहा आकडी कोड ऐकू येतो. लँडलाइनचा फायदा असा की सिम हरवणं, रिचार्ज संपून नंबर बंद होणं हे प्रश्न उरत नाहीत. एका नंबरावर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस ॲप दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळे ठेवणंच बरं.

खातं उघडलं की त्याच बैठकीत टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायचं: सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे सहा आकडी पिन आणि सोबत ईमेल. ईमेल टाळू नका. पिन विसरला आणि ईमेल दिलेला नसला तर सात दिवस थांबावं लागतं, आणि दिवाळीच्या तोंडावर सात दिवस म्हणजे हंगामच गेला. 'चुकून तुमच्या नंबरावर कोड आलाय, जरा पाठवा' असं सांगून खाती पळवण्याचे प्रकार सर्रास होतात. कोड हातून गेला तरी पिन असला तर खातं लगेच उघडत नाही.

आता ॲपमधल्या सोयींकडे. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू बसतात, प्रत्येकीला दहापर्यंत फोटो. प्रत्येक वस्तू कंपनी तपासते आणि मगच ती दिसते. दारू, तंबाखू, हत्यारं, जिवंत जनावरं चालत नाहीत. औषधांबाबतही नियम कडक आहेत, त्यामुळे मेडिकलवाल्यांनी कॅटलॉगच्या भरवशावर राहू नये. वस्तूच्या नावात रंग, माप आणि आपला कोड नंबर घातला तर गिऱ्हाइकाने कार्टमधून पाठवलेली ऑर्डर वाचताना गोंधळ होत नाही. कार्ट ही फक्त यादी आहे, तिच्यातून पैसे येत नाहीत, आणि शिल्लक मालाचा हिशेब ॲप ठेवत नाही. संपलेली वस्तू हाताने लपवावी लागते. पन्नासच्या आत वस्तू असतील तर हे निभतं. कपड्यांसारखे रंग आणि साइझचे प्रकार असले की कॅटलॉग अपुरा पडतो.

सगळ्यात उपयोगी पण सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे लेबलं, चॅटवर लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या. वीसपर्यंत लेबलं करता येतात. 'नवी ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पैसे मिळाले' ही तयारच असतात. त्यात आपली चारपाच घाला: 'उधारी', 'पार्सल निघालं', 'बदलून हवं', 'घाऊक'. रात्री दुकान बंद करताना 'पैसे बाकी' उघडलं की वसुलीची यादी समोर येते. क्विक रिप्लाय पन्नासपर्यंत साठवता येतात. तिरकी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की पूर्ण मजकूर येतो. पत्ता, यूपीआयची माहिती, डिलिव्हरीची वेळ, परत घेण्याचा नियम, एवढे चार रिप्लाय केले तरी दिवसाचं बरंच टायपिंग वाचतं. स्वागताचा संदेश पहिल्यांदा येणाऱ्याला आणि १४ दिवस बोलणं नसलेल्याला आपोआप जातो. दुकान बंद असतानाचा संदेश मात्र फोनला इंटरनेट असेल तरच जातो. रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांना तो कधी गेलाच नाही याचा पत्ता लागत नाही.

मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे गल्ल्यावरचा संगणक, गोदामातला फोन वगैरे. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर बाकीची उपकरणं आपोआप बाहेर पडतात. नोकर सोडून गेला की त्याच दिवशी लिंक्ड डिव्हायसेसमधून त्याचा फोन काढायचा.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, जरा सविस्तर, कारण खाती बहुतेक इथेच अडकतात. एका यादीत २५६ जण घेता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. 'आम्ही हजार जणांना पाठवलं, प्रतिसादच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. उपाय साधा आहे: पहिली ऑर्डर पोचवताना दुकानाचं संपर्क कार्ड पाठवा आणि 'सेव्ह करा, म्हणजे नव्या मालाची खबर मिळेल' असं सांगा. त्याऐवजी लोक दुसरीकडून नंबरांच्या याद्या विकत घेतात, ब्राउझरमध्ये बल्क पाठवणारं एक्स्टेन्शन बसवतात किंवा जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली आवृत्ती घेतात. अनोळखी लोक 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' दाबतात, आणि खातं बंद होतं.

किती खाती बंद होतात, याची कल्पना कंपनीच्याच मासिक अहवालावरून येते. २०२१ च्या आयटी नियमांमुळे तो भारतात प्रसिद्ध करावाच लागतो. जानेवारी २०२५ या एका महिन्यात सुमारे ९९ लाख भारतीय खाती बंद झाली. यात फसवणूक करणारी टोळकी मोठ्या संख्येने असतात आणि ती बंद व्हायलाच हवीत. पण निर्णय यंत्र घेतं, आणि भरडला गेलेला प्रामाणिक दुकानदार त्याच गर्दीत उभा असतो. त्याच अहवालांत दिसतं की महिन्याला आलेल्या हजारो तक्रारींपैकी प्रत्यक्ष कारवाई झालेल्यांची संख्या फारच लहान असते. फोन करावा असा कुठलाही नंबर नाही, जाऊन बसावं असं कार्यालय नाही. बँकेने खातं गोठवलं तर शाखा व्यवस्थापकाच्या टेबलासमोर बसता येतं. इथे समोर फक्त एक बटण असतं.

तरीही रस्ता आहे, आणि तो पूर्ण चालून पाहावा. ॲपमध्येच 'पुनरावलोकनाची विनंती' करा. मजकूर थोडक्यात लिहा: धंदा कोणता, संदेश कुणाला पाठवले, संमती कशी घेतली. त्यातून काही निघालं नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यावर समाधान नसेल तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. वकील लागत नाही. जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना, बंदीच्या सूचनेचा स्क्रीनशॉट आणि तारखा जोडा. फार थोड्या दुकानदारांना ही सोय माहीत आहे, म्हणून इतकं तपशिलात.

धंदा वाढला की एपीआय, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर थेट व्हॉट्सॲपला जोडण्याची सोय, घ्यायचा सल्ला मिळतो. तिथे बहुधा मेटाने मान्यता दिलेला पुरवठादार मधे असतो, आणि मीटर सुरू होतो. १ जुलै २०२५ पासून दर प्रत्येक संदेशामागे लागतो. मार्केटिंगच्या संदेशाला त्या वर्षी भारतात सुमारे ७८ पैसे, तर ऑर्डर निघाली, बिल तयार झालं अशा व्यवहाराच्या संदेशाला साधारण साडेअकरा पैसे होते. गिऱ्हाइकाने आधी लिहिलं तर पुढचे २४ तास उत्तरं फुकट. हजार जणांना पाडव्याची ऑफर पाठवली तर ७८० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९२० च्या आसपास, वर पुरवठादाराचं मासिक भाडं.

रक्कम मोठी नाही. प्रश्न वेगळा आहे. कुठला संदेश मार्केटिंगचा आणि कुठला व्यवहाराचा, हे मेटाच ठरवते. 'आपली ऑर्डर तयार आहे' याच्या खाली 'पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट' एवढी एक ओळ जोडली की टेम्प्लेट (मेटाकडून आधी मंजूर करून घेतलेला संदेशाचा साचा) मार्केटिंगमध्ये ढकललं जातं आणि दर जवळपास सातपट होतो. दर ठरवणारा, वर्गवारी करणारा आणि तक्रार ऐकणारा एकच. शिवाय एका माणसाला सगळ्या धंद्यांकडून मिळून किती मार्केटिंग संदेश पोचू द्यायचे, यावरही कंपनीची मर्यादा आहे. तुमचा संदेश त्या मर्यादेबाहेर पडला तर तो पोचतच नाही. म्हणून टेम्प्लेट लिहिताना व्यवहार आणि जाहिरात काटेकोर वेगळी ठेवा, महिन्याच्या बिलात प्रत्येक टेम्प्लेटची वर्गवारी तपासा, आणि सणाची मोठी मोहीम एकाच दिवशी न टाकता तीनचार दिवसांत वाटा. पडताळणी न झालेल्या नव्या खात्याला २४ तासांत २५० जणांचीच मर्यादा असते, त्यामुळे दसऱ्याला विक्री करायची असेल तर खातं श्रावणातच उघडा.

गोपनीयतेचं काय? साध्या बिझनेस ॲपवरचं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये असतं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणाला वाचता येत नाही. एपीआयवर मात्र संदेश धंद्याने नेमलेल्या पुरवठादाराच्या सर्व्हरवर उघडतो आणि तिथे वाचता येतो. पुरवठादार निवडताना दराइतकंच हेही विचारा. जाहिरातींसाठी माहिती फेसबुककडे देण्याचा वाद जुना आहे. २०१६ च्या धोरणात त्या वेळच्या वापरकर्त्यांना नाही म्हणायला ३० दिवस तरी दिले होते. २०२१ च्या धोरणात तो पर्यायच नव्हता: मान्य करा नाहीतर सोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याबद्दल २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी काढली. दंडाचा आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण मेटाचं २०२४ चं उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर होतं. त्या हिशेबाने हा दंड म्हणजे कंपनीची जेमतेम दीड तासाची जमा. शिक्षा इतकी हलकी असेल तर कंपनी नियम बदलेल कशाला?

सेवा अचानक बंद पडण्याचा धोकाही जमेला धरा. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री मेटाच्या स्वतःच्या नेटवर्कमधल्या चुकीच्या बदलामुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच सहाएक तास बंद होतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी जवळपास दोन तास संदेश जात नव्हते. तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या असल्यामुळे 'व्हॉट्सॲप बंद, मग इन्स्टावर कळवू' हा पर्याय पर्याय राहत नाही. २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप विकत घेण्याचा करार झाला, त्याचं हे आपल्या गल्लीपर्यंत पोचलेलं फळ.

नियम एका रात्रीत कसे बदलतात, याचं ताजं उदाहरण एआय चॅटबॉटचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की १५ जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण गप्पांचे एआय बॉट बिझनेस एपीआयवर चालणार नाहीत. चॅटजीपीटीला व्हॉट्सॲपवरून निघावं लागलं; मेटाचा स्वतःचा एआय तिथेच राहिला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबरमध्ये त्याला अंतरिम चाप लावला, युरोपीय आयोगानेही चौकशी सुरू केली. आपल्या दुकानाच्या ऑर्डरी घेणारा बॉट या बंदीत येत नाही. पण ज्यांनी पूर्ण व्यवसाय या एका खिडकीवर उभा केला होता, त्यांना काही महिन्यांची सूचना मिळाली, बस्स.

सरकारचं आणि या कंपनीचं नातंही दुहेरी आहे. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या आणि १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध माणसं जमावाने मारली. त्याच महिन्यात भारतासाठी एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. म्हणजे कोट्यवधी लोकांपर्यंत काय आणि किती वेगाने जाईल, हे कंपनी एका अपडेटने बदलू शकते. तो बदल आधीही करता आला असता. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागू असताना 'विकसित भारत'चे सरकारी संदेश लोकांच्या व्हॉट्सॲपवर येत होते, ते थांबवण्याचा आदेश निवडणूक आयोगाने सरकारला दिला. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर भारतातून निघून जाऊ. एन्क्रिप्शन टिकायलाच हवं, यात शंका नाही. पण ते टिकवण्याची ताकद आज संसदेच्या कायद्यात असण्यापेक्षा एका कंपनीच्या धमकीत जास्त आहे, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मेटाबरोबर करार करून 'आपले सरकार'च्या सुमारे ५०० सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचं जाहीर केलं. दाखले घरबसल्या मिळाले तर लोकांचे हेलपाटे वाचतील, हे खरंच चांगलं आहे. मात्र नियम घालणारंच गिऱ्हाईक झालं, तर नियम घालताना त्याचा हात कचरेल. या सेवा संकेतस्थळावर, सेतू केंद्रात आणि साध्या फोनवरही तितक्याच नीट चालू राहायला हव्यात.

मग दुकानदाराने करायचं काय? ॲप सोडा, असं आम्ही सांगणार नाही. टेलिग्राम किंवा झोहोचं अरट्टई बसवता येईल, पण गिऱ्हाईक तिथे नसेल तर उपयोग शून्य. एसएमएससाठी डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंदणी), हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, टेम्प्लेट हे सगळं करावं लागतं. तरी ज्यांची दोनेक हजार नियमित गिऱ्हाइकं आहेत त्यांनी ती करून ठेवावी.

मुख्य काम यादी आपल्या हातात ठेवण्याचं. लेबल लावलेल्या लोकांची यादी ॲपमधून सरळ बाहेर काढता येत नाही. चॅट एक्स्पोर्ट केलं तर साधी मजकुराची फाइल मिळते, फोटोंसह सुमारे दहा हजार आणि फोटोंशिवाय चाळीस हजार संदेशांपर्यंतच, आणि ती परत ॲपमध्ये भरता येत नाही. चॅनेलवर, म्हणजे एकतर्फी घोषणांच्या पानावर, फॉलोअरचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, म्हणजे पाच हजार फॉलोअर असूनही हातात एकही गिऱ्हाईक नाही. साधा ग्रुप केला तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, शेजारचा दुकानदार ते उतरवून घेतो. त्यापेक्षा कम्युनिटीचा घोषणा ग्रुप बरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर फोनच्या संपर्कांत सेव्ह करायचा, 'सुलभा कोथरूड फराळ' अशा धर्तीवर: नाव, भाग, काय घेतात. संगणकावरून सेव्ह करताना काळजी घ्या, कारण नंबर फक्त व्हॉट्सॲपमध्ये ठेवण्याचीही सोय आता आहे; फोनशी सिंक करण्याचा पर्याय चालू हवा. महिन्यातून एकदा संपर्कांची फाइल काढून पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवा. चॅटचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या १५ जीबीच्या फुकट जागेतून कापला जातो. मालाचे व्हिडिओ वगळले तर तो बराच काळ पुरतो. बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, ते केलं तर पासवर्ड वहीत लिहून ठेवा, हरवला तर कंपनीलाही उघडता येत नाही. उधारीचा आकडा तर चॅटमध्ये ठेवूच नका. तो खातेवहीत किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच हवा.

मेस, घरगुती पदार्थ, शिवणकाम, दुरुस्तीची कामं यांना हे ॲप डोळे झाकून घ्यावं असं आहे: आमच्याकडून पाचपैकी साडेचार. रोज शेकडो ऑर्डरी आणि साइझ-रंगांचा माल असेल तर तीन. संकट आल्यावर मिळणाऱ्या मदतीला मात्र पाचपैकी एकच. बिलाच्या तळाशी, पिशवीवर आणि पाटीवर व्हॉट्सॲपच्या नंबराखाली साध्या कॉलसाठी दुसरा नंबर छापून घ्या. पुढची छपाई होईल तेव्हाच करायचं म्हटलं तर वेगळा खर्चही येत नाही.